माडीवरून दिसणारं गाव

होळी उरकली की आमच्या गल्लीत पाठांतर सुरू होतं. समोरच्या घरातली मुलगी गच्चीवर येरझाऱ्या घालत एक उत्तर घोळवत असते, मागच्या घरातला मुलगा तेच उत्तर वेगळ्या चालीत म्हणत असतो. "प्रस्तुत पाठात लेखकाने" इथून सुरुवात आणि "असे लेखकाला सुचवायचे आहे" इथं शेवट. मधे काहीही असो. पुसदच्या या उन्हात खिडकीला ओला पडदा लावून मी खुर्चीत बसलेला असतो आणि माझं डोकं फिरतं. सून म्हणते, "बाबा, लेकरं अभ्यास करून राह्यले, तुमाले काहून राग येते?" म्हाताऱ्या माणसाला कशाचाही राग येतो अशी तिची समजूत आहे, आणि ती बरीचशी खरीही आहे. पण हा राग म्हातारपणी आलेला नाही. मी विशीत होतो तेव्हापासून तो माझ्याजवळ आहे, आणि दर वर्षी परीक्षेचे दिवस आले की तो पुन्हा ताजा होतो.

पळसावर लोक कविता लिहितात. लिहोत बापडे. मी पळस फुललेला दिसला की मान फिरवतो. यवतमाळच्या रस्त्याला, टेकड्यांच्या अंगावर, पान नसलेली ती झाडं लाल होतात तेव्हा खाली कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झालेली काळी वावरं उघडी पडलेली असतात, मोहाची फुलं टपटप गळत असतात, वारा तापायला लागलेला असतो. अशा दिवसांत आमच्या परीक्षा असत. साठ साल नुकतंच उलटलं होतं. मी कॉलेजच्या पहिल्याच वर्षाला होतो, आणि ते माझं शेवटचंही वर्ष ठरलं.

यवतमाळचं आमचं कॉलेज नवीन होतं. इमारत अर्धी बांधलेली, भिंतींना चुना लागायचा होता. मागच्या बाजूला टिनाचं एक शेड होतं, त्यात मोडकी बाकं टाकलेली. शेडच्या पलीकडे कापसाची जिनिंग. जिन चालू असली की कापसाची बारीक तूस हवेत उडायची आणि शेडच्या जाळीवर, बाकांवर, आमच्या केसांवर येऊन बसायची. हंगाम संपत आला तरी ती बसतच असायची. याच शेडमध्ये जिरापुरे सरांचा वाचनाचा तास व्हायचा.

वाचनाचा तास हे काही विषयाचं नाव नव्हतं. आमच्यासारखी खेड्यातली मुलं मॅट्रिक होऊन आली होती, सांगितलेलं लिहून घेता येत होतं, पण न पाहिलेलं पान समोर ठेवलं की आम्ही अडखळायचो. प्राचार्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी मराठीच्या सगळ्यात तरुण प्राध्यापकाच्या, जिरापुरे सरांच्या, गळ्यात हा जादा तास बांधला. सकाळी, बाकीचे तास सुरू व्हायच्या आधी. शहरातली मुलं या तासाला "बालवाडी" म्हणायची. पहिले काही दिवस आम्ही शेडकडे जाताना मान खाली घालून जायचो.

मी मुकुटबनच्या पलीकडच्या एका खेड्यातून आलो होतो. माझा बा छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या घरातले देव त्यानं नदीत सोडले. दारू सोडली. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, भाकरी मागायला जायचं नाही, असं आमच्या वस्तीनं ठरवलं. मग गावानंही ठरवलं. कापूस वेचायला आमच्या बायांना बोलावणं बंद झालं, वावरातून जायची वाट बंद झाली. बा म्हणायचा, "उपाशी राहू, पण वाकून नाई राहू." आम्ही खरोखरच बरेचदा उपाशी राहिलो. त्या सगळ्या हट्टातून शिकून वर आलेला वस्तीतला पहिला मुलगा मी. दीक्षा घेतल्यावर सरकारी सवलती राहतील की जातील, याचा घोळ बरीच वर्षं चालला; अखेर स्कॉलरशिप मिळाली, वसतिगृहात जागा मिळाली. अट एकच होती. नापास झालं की दोन्ही बंद. बाला ही अट पाठ होती. मला एसटीत बसवताना त्यानं खिडकीतून एवढंच सांगितलं, "सुदाम, तू एकटा नाई चालला. आमी सारे चाललो."

आता तुम्हीच सांगा, असं ओझं पाठीवर घेऊन आलेल्या मुलाला कुणी काय शिकवायला हवं होतं? आमचे मराठीचे विभागप्रमुख ते अचूक शिकवत होते. ते वर्गात यायचे, पिवळ्या पडलेल्या कागदांची गुंडाळी सोडायचे आणि नोट्स सांगायला लागायचे. आम्ही लिहून घ्यायचो. ते खोकले की आमचे पेन थांबायचे, खोकला संपला की चालू व्हायचे. कुणी शंका विचारली तर ते चष्म्यावरून पाहायचे आणि म्हणायचे, "पुढं येईल ते." ते कधी पुढं आलं नाही. पण त्यांची मुलं पास व्हायची, हे मान्य करावंच लागेल. तेव्हा मी त्यांना हसायचो. पुढे हसू आवरलं.

जिरापुरे सर सगळ्याच बाबतीत उलटे. तिशीचे असतील, काटकुळे, सायकलवर यायचे. घरची मोठी शेती, पुसद तालुक्यात. त्यांना दंडारीचं, म्हणजे खेड्यातल्या सोंगांच्या नाचाचं, भारी वेड. दिवाळीनंतर खेड्यापाड्यांत दंडारी व्हायच्या तेव्हा हा एम.ए. झालेला माणूस सायकल हाणत जायचा आणि पहिल्या रांगेत मातीत बसून बघायचा. दुसरा नाद सिनेमाच्या जाहिरातींचा. सिनेमा बघायचे नाहीत, पण टांग्यातून उधळलेली हस्तपत्रकं गोळा करायचे आणि म्हणायचे, "खोटं किती रंगानं छापता येतं, हे पाहायला मजा येते." वर्गात ते शुद्ध मराठी बोलायचे आणि रंगात आले की घरची बोली सुटायची.

त्यांच्या वडिलांची गोष्ट त्यांनीच आम्हाला सांगितली होती. त्यांच्या गावात श्रावणात देवळात पोथी लावायची चाल होती. एक माणूस ओवी वाचायचा, आणि दुसरा तिचा अर्थ सांगायचा. अर्थ सांगायचा मान सरांच्या वडिलांचा. सर लहानपणी त्यांच्या मांडीजवळ बसायचे. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की ओवीत लढाई असो, लग्न असो की वनवास असो, वडील अर्थ एकच सांगतात: चांगलं वागा बाप्पा, देव पाहून राह्यला. लोक माना डोलवायचे आणि प्रसाद घेऊन घरी जायचे. "माझ्या बापानं एवढ्या पोथ्यांचा अर्थ सांगितला," सर म्हणायचे, "अन् एकही पोथी वाचली नाही. तेव्हापासून मले अर्थ सांगणाऱ्याची भीती वाटते." मग हसून म्हणायचे, "या देशात दोनच जाती आहेत. वाचणारे अन् अर्थ सांगणारे." सगळे हसायचे. मीही हसायचो. दोनच जाती असत्या तर किती बरं झालं असतं, हे तेव्हा सुचलं नाही.

म्हणून त्यांच्या तासाला नोट्स नव्हत्या. शेडच्या दाराशी बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवलेला असायचा, आत शिरताना प्रत्येकानं आपला पेन त्यात टाकायचा. हात मोकळे झाले की डोळे कामाला लागतात, असं त्यांचं म्हणणं. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी पुस्तक मिटून ऐकायचं. मधेच थांबवून विचारायचे, "आता पुढचं वाक्य काय असंल?" आम्ही सांगायचो, मग खरं वाक्य वाचायचो, आणि आपलं का चुकलं किंवा लिहिणाऱ्याचं का चुकलं यावर भांडायचो. पण त्यांचा लाडका प्रश्न वेगळाच होता. कुठलाही उतारा वाचून झाला की ते खडू हातात घोळवत विचारायचे, "लिहिणारा कुठं उभा आहे? तिथून त्याला काय दिसतं? अन् काय दिसत नाही?"

पुस्तकावर त्यांचं भागायचं नाही. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, जिनिंगच्या फाटकावरची पाटी, किराण्याचा पुडा बांधलेला वर्तमानपत्राचा तुकडा, काहीही चालायचं. एकदा पुंडलिकनं लग्नाची पत्रिका आणली. पुंडलिक माझा खोलीतला सोबती, आमच्याच समाजाचा, दिग्रसकडचा. हुशार आणि त्याहून जास्त सावध. त्यानं पत्रिका वाचली. नवरीचा बाप, आजा, काका, मामा, सगळ्यांची नावं. सरांनी विचारलं, "यात कोण नाही?" पुंडलिकच म्हणाला, "सर, नवरीची माय नाई."

"कुठं गेली ती?"

"स्वयंपाकात असंन, सर."

वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर. म्हणूनच पत्रिकेत नाही." बालवाडी म्हणून हिणवणाऱ्यांपैकी दोघं-तिघं त्या दिवसानंतर मागच्या बाकावर येऊन बसायला लागले.

एक दिवस मात्र फक्त माझा होता. आयुष्यात एवढा सुखाचा दिवस मला पुन्हा मिळाला नाही, आणि त्याच दिवसानं माझं वाटोळं केलं, म्हणून त्याची आठवण कशी काढावी हे मला अजून कळत नाही. पाठ्यपुस्तकात खेड्याच्या वर्णनाचा एक धडा होता. पहाट होते, घराघरांतून धूर निघतो, विहिरीवर बायांचा किलबिलाट सुरू होतो, देवळाची घंटा वाजते, सुतार लोहार आपापल्या कामाला आनंदानं लागतात, सारं गाव एका कुटुंबासारखं नांदतं. आणि गावाच्या टोकाला काही झोपड्या आहेत, त्या संध्याकाळच्या उन्हात फार शोभून दिसतात. सरांनी वाचायला मला उभं केलं. मी वाचलं. झोपड्यांचं वाक्य मी भराभर वाचून टाकलं.

"हं," सर म्हणाले. "लिहिणारा कुठं उभा आहे?"

"पाटलाच्या माडीवर," मी म्हणालो.

मुलं हसली. सरांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. "कशावरून?"

"साऱ्या घरांचा धूर एका टायमाले दिसाचा असंन तं उंचावरूनच दिसते, सर. अन् झोपड्या सोभून दिसतात त्या बी तिथूनच. जवळून नाई दिसत."

सर खडू खाली ठेवून म्हणाले, "बरं. आता माडीवरून खाली ये. त्या झोपडीच्या दारात उभा राहा, अन् हाच धडा आम्हाला सांग."

मी सांगितला. आमच्या वस्तीची विहीर नाल्याच्या पलीकडे, ती चैत आला की आटते. पूर्वी मग माय गावविहिरीजवळ घागर ठेवून उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेल तोवर. कधी सकाळची दुपार व्हायची. दीक्षेनंतर तिनं ते उभं राहणं सोडलं. आता ती नदीत जाऊन वाळूत झिरा उकरते, वाटीवाटीनं घागर भरते, आणि उन्हातून परत येते. विहिरीवरचा किलबिलाट आम्हालाही ऐकू येतो, पण लांबून. देवळाची घंटाही लांबून. आमच्या घरातून पहाटे धूर निघतोच असं नाही. मी बोलत गेलो. असं मी कधीच कुणासमोर बोललो नव्हतो, आणि तेही सगळ्या जातींच्या मुलांसमोर. सर म्हणाले, "सुदाम, आज पहिल्यांदा हा धडा कुणीतरी वाचला." पेन डब्यातच विसरून मी पुढच्या तासाला गेलो. आनंदानं.

शेवटच्या तासाला पुंडलिकनं विचारायचं ते विचारलंच. "सर, परीक्षेत असं लिवलं तं चालते काय?"

सर खरोखर चकित झाले. त्यांना हा प्रश्नच पडला नव्हता. म्हणाले, "जे दिसतं ते लिहायचं. तपासणाराही माणूस आहे ना? तोही वाचूनच मार्क देणार."

हे त्यांचं चुकलं. आपला बाप पोथी वाचतच नाही हे ज्यानं पोरवयात ओळखलं, त्या माणसाला विद्यापीठाचा परीक्षक वाचत असतो असं वाटलं. पुंडलिकला नाही वाटलं. खोलीवर आल्यावर तो मला म्हणाला, "सर देवमाणूस आहेत, पण पेपर सर नाई तपासत. नोट्स पाठ कर बे." आणि भिंतीकडे तोंड करून तो घोकायला लागला. मी केल्या नाहीत. बाहेर तापलेला वारा सुटला होता, वसतिगृहाच्या मागं पळस पेटला होता, आणि मला वाटत होतं की आपल्याला आता सगळं दिसतं.

प्रश्न आलाच. "पाठाच्या आधारे खेड्याचे सौंदर्य आपल्या शब्दांत वर्णन करा." आपल्या शब्दांत, असं छापलेलं होतं. मी पुरवणी घेतली. झोपडीच्या दारातून सगळं गाव लिहिलं. पर्यवेक्षक माझ्या बाकाजवळून जाताना थांबून बघत होते, इतका मी लिहीत होतो.

जूनमध्ये वर्तमानपत्रात निकाल आला, त्यात माझा नंबर नव्हता. कॉलेजात जाऊन गुणपत्रिका पाहिली. इंग्रजीत पास. इतिहासात चांगले मार्क. नापास होतो तो मराठीत.

बा निकाल ऐकायला स्वतः आला होता. व्हरांड्यात उभा होता, धुतलेलं धोतर, हातात नवी छत्री. मी सांगितलं. आधी त्याला समजेना. "इंग्रजीत म्हणतं काय?"

"नाई. मराठीत."

"मराठीत?" त्यानं पुन्हा विचारलं. "हे भाषा बी आपली नाई काय बे?" तो ओरडला नाही, रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा तो हळू आवाज मला अजून सहन होत नाही.

पुंडलिक सेकंड क्लासमध्ये पास झाला. त्यानं खेड्याचं सौंदर्य नोट्सप्रमाणे, मुद्द्यावार लिहिलं होतं, आणि टोकाच्या झोपड्या शोभून दिसतात हेही. त्याच्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही काही नव्हतं, आताही नाही. पुढं तो मोठा साहेब झाला आणि वस्तीतल्या कित्येक मुलांना त्यानं नोकऱ्या लावल्या. त्याच्या खोट्या उत्तरानं माझ्या खऱ्या उत्तरापेक्षा जास्त घरं उभी राहिली, आता बोला.

त्याच दिवशी दुपारी मी सरांच्या घरी गेलो. ते दारातच होते, बातमी त्यांना कळलेली होती. डोळे सुजल्यासारखे दिसत होते. म्हणाले, विभागप्रमुखांशी बोललो, ते म्हणतात उत्तर प्रश्नाला धरून नसणार. म्हणाले, ऑक्टोबरला पुन्हा बस, मी स्वतः तयारी करून घेतो. मी म्हटलं, "सर, स्कॉलरशिप गेली. वसतिगृहाची खोली आज सोडायची आहे. ऑक्टोबरपर्यंत राहू कोठी?"

ते घराच्या उंबऱ्यात उभे होते. आत मोठं घर होतं, मागं अंगण, अंगणात रिकामी खोली, तिचं दार मला दिसत होतं. त्यांनी एकदा आत पाहिलं. "घरात आई आहे," ते म्हणाले. "जुन्या वळणाची आहे रे." एवढंच. आतून पाणी आलं, ते ओट्यावर माझ्याशेजारी ठेवलेल्या पेल्यात वरून ओतलं गेलं. मी ते प्यायलो, कारण ऊन फार होतं. सर रडत होते, खरं सांगतो, पण रडतानाही ते उंबऱ्यातच उभे होते.

दुष्टपणा नव्हता तो. दुष्ट माणसाचा राग करणं सोपं असतं. या माणसानं मला डोळे दिले, आणि त्या डोळ्यांची किंमत कुणी चुकवायची हे मात्र सांगितलं नाही. त्यांचा प्रयोग फसला तर त्यांच्यामागं वावर होतं, वाडवडिलांचा कापूस होता, पगार होता. माझ्यामागं धुतलेल्या धोतरातला बा होता. उडी मारायला सांगणारा काठावर होता, हे मला कुणाचंही लेखन वाचताना कळलं असतं. त्यांच्या बाबतीत नाही कळलं, कारण माझं त्यांच्यावर प्रेम होतं.

मॅट्रिकच्या जोरावर पुसदच्या तहसिलीत लागलो. नक्कलखात्यात. लोकांना जमिनीच्या कागदांच्या नकला लागतात, त्या हातानं उतरवून द्यायच्या. अक्षर चांगलं होतं. सगळी उमेद घेऊन निघालेला मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं जसंच्या तसं उतरवत बसलो. साहेब खूश असायचे. खाडाखोड नाही, स्वतःचा शब्द नाही. वाचायची सवय मात्र जाईना. उतरवता उतरवता दिसायचं, या वावराच्या कागदात बहिणीचं नाव नाही, त्या कागदात पाणंद होती ती या कागदात नाही. दिसायचं, आणि मी उतरवायचो.

काही वर्षांनी पुसदच्या बसस्टँडवरच्या पुस्तकांच्या दुकानात एक गाईड टांगलेलं दिसलं. कव्हरवर सरांचं नाव, आधी प्रा. लावलेलं. मी उघडलं. तोच धडा अजून अभ्यासाला होता. खेड्याचे सौंदर्य, मुद्दे क्रमांकानं. धूर, विहीर, घंटा. शेवटी: गावाच्या टोकाच्या झोपड्या सायंकाळी शोभून दिसतात. मी ते उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचलं. दुकानदार म्हणाला, "घ्याचं असंन तं घ्या भाऊ, वाचत कायले उभे राह्यले?" मी ते जागेवर लटकवून दिलं.

आणि मग एकदा, साठचं दशक संपता संपता, असेच उन्हाचे दिवस होते, सर स्वतःच नक्कलखात्याच्या खिडकीशी आले. वडील वारले होते, भावाभावांत वाटण्या व्हायच्या होत्या, वावराची नक्कल हवी होती. केस पिकू लागले होते, पोट सुटलं होतं. "सुदाम ना तू? इथं आहेस होय? बरं झालं, बरं झालं." मी त्यांचं काम हाती घेतलं. नक्कल उतरवून मी शिक्क्यासाठी आत ठेवली, तोवर आम्ही बाहेर हॉटेलात चहा घेतला. एकाच बाकावर बसून, एकसारख्या कपांतून. तेवढं जग पुढं गेलं होतं.

मी म्हणालो, "सर, तुमचं गाईड पाह्यलं."

ते चमच्यानं चहा ढवळत राहिले. "खपतं चांगलं," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्यामुळंच लिहिलं ते."

"माह्यामुळे?"

"तू नापास झालास ते माझ्या मनातून जाईना रे. म्हटलं, आता माझ्या हातून दुसऱ्या पोराचं असं व्हायला नको. आधी पास होऊ दे. वाचायचं ते वाचतील पुढं."

"अन् वाचनाचा तास?"

"तो त्याच वर्षी बंद झाला. पोरंच येईनात. तुझा निकाल सगळ्यांनीच पाहिला होता."

मला काय वाटलं ते सांगणं अवघड आहे. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत होतो की आपण नापास झालो ते कशासाठी तरी झालो. कुणीतरी एक उत्तर खरं लिहिलं होतं, ते कुठंतरी राहिलं असेल, निदान या एका माणसाच्या मनात. ते राहिलं होतं. पण परीक्षा खोटी आहे याचा पुरावा म्हणून नव्हे, तर वाचणं धोक्याचं आहे याचा पुरावा म्हणून. माझ्या नापास होण्यावर ते गाईड उभं होतं, आणि जिल्ह्यातली सगळी पोरं त्यातून झोपड्यांची शोभा पाठ करत होती. आमच्या वस्तीतली पोरंसुद्धा.

"सर," मी म्हणालो, "त्यात आमची विहीर कोठी नाई."

"अरे, तो प्रश्न परीक्षेत येत नाही," सर म्हणाले. आजारी माणसाशी बोलावं तसं, मायेनं.

मी खात्यात जाऊन नक्कल आणली, शिक्का नीट उमटलाय ना पाहिलं आणि त्यांच्या हातात दिली. आम्ही सगळ्यांनाच सांगायचो तसं म्हटलं, "वाचून घ्या, सर. वावराचा कागद आहे. काही राह्यलं असंन तं आत्ताच सांगा."

त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. घडी करून खिशात ठेवला. "तू उतरवलंयस ना? मग काय वाचायचं त्यात!" असं म्हणून मोठ्या कौतुकानं त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि रणरणत्या उन्हातून ते बसस्टँडकडे निघाले.

त्यांच्यामागं धावत जाऊन ओरडावंसं वाटलं, वाचा सर, निदान तुम्ही तरी वाचा. मी ओरडलो नाही. आत जाऊन बसलो आणि पुढचा कागद उतरवायला घेतला.